वायर गेली, जबाबदारी आली

बॅटरीवरची सर्क्युलर सॉ घ्यायचा विचार आहे? मग व्होल्टचा आकडा नंतर बघा. आधी गार्ड, बॅटरी आणि लाकडाची पावती बघा.

मे महिना. घरात ताईचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय. अंगणातल्या मांडवाखाली सागाच्या फळ्या येऊन पडल्यात. त्यातून दिवाण आणि आलमारी व्हायची आहे. वाढईकाकांनी मापं घेतली, पेन्सिल कानावर खोचली, कटरचं बटण दाबलं आणि लाईन गेली. आता काय? काका निंबाच्या सावलीत बसणार, तुम्ही लाईनमनला फोन लावत राहणार आणि आई दर दहा मिनिटांनी विचारणार, "काम काऊन थांबलं रे?"

गंमत म्हणजे वीज आपल्याच जिल्ह्यात तयार होते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. पण वादळ सुटलं की गावातली लाईन सगळ्यात आधी जाते. आणि काम एटापल्ली-भामरागडकडच्या एखाद्या टोल्यावर असेल, तर मशीनचा प्लग कुठे लावायचा इथपासून तयारी असते.

म्हणूनच हल्ली सुतारकाम करणाऱ्या पोट्ट्यांच्या बॅगेत बॅटरीवरची सर्क्युलर सॉ दिसायला लागली आहे. खांद्यावर बॅग, गाडीला किक, आणि जिथे काम तिथे दुकान. भारीच आहे ते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. वायर होती तोवर मशीन दुकानाला बांधलेली होती. तिथे पक्कं टेबल होतं, शेजारी जाणतं माणूस होतं, लाकूडही बहुतेक वेळा मालकाने पावतीवर आणलेलं असायचं. वायर गेली तशी मशीन अंगणात, स्लॅबवर, शेतात, जंगलाच्या कडेला कुठेही जायला मोकळी झाली. आता बोटं सांभाळणं आणि लाकूड कुठून आलं हे बघणं, दोन्ही तुमच्यावर आहे.

आधी काम ठरवा

दुकानात जाण्याआधी वहीत लिहा, पुढचं वर्षभर तुम्ही काय कापणार आहात. एकाच जागी दुकान असेल, लाईन बरी असेल आणि दिवसभर कापणी असेल, तर वायरवाली सॉ स्वस्त पडते आणि दमत नाही. बॅटरीवाली सॉ खरी कामाला येते ती गावोगाव फिरून फर्निचर, दारं, चौकटी बसवणाऱ्याला, घरकुलाच्या छपरावर चढून वासे कापणाऱ्याला. किंवा झाडीपट्टीच्या नाटकाचा मंच रातोरात उभा करणाऱ्याला.

ब्लेडच्या मापावर काम ठरतं. ८५ मिमी ब्लेडची छोटी सॉ साधारण २६ मिमी खोल कापते. म्हणजे प्लाय आणि जेमतेम इंचाची फळी. १६५ मिमीची सॉ सरळ कापात ५५ ते ५७ मिमी खोल जाते. दोन इंची लाकूड एका दमात कापलं जातं. तीच तिरपी, ४५ अंशांत केली की खोली ४० मिमीच्या आसपास येते. १८५ किंवा १९० मिमीची सॉ साधारण ६५ मिमी जाते, पण वजन वाढतं आणि बॅटरीही जास्त खाते. पहिलीच मशीन असेल तर १६५ मिमी पुरे. तीन इंची चौकट आली तर एका बाजूने कापा, उलटवा, दुसऱ्या बाजूने कापा. नाकापेक्षा मोती जड कशाला?

आणि ही सॉ कशासाठी नाही, तेही सांगून टाकतो. गोल ओंडके चिरायला नाही, ओल्या फांद्या कापायला नाही. जाड सागाच्या लांबच लांब उभ्या चिरा पाडायच्या असतील तर सरळ आरा मशीनवर जा.

८८ व्होल्टची गंमत

बाजारात गेलात की दुकानदार म्हणेल, "भाऊ, त्या कंपनीची १८ व्होल्टची आहे, ही बघा, ८८ व्होल्टची! अन् किंमत अर्धी." ऐकायला मस्त वाटतं. आता बॅटरीच्या पोटात काय असतं ते बघू.

लिथियम-आयनचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा. असे ५ सेल एकामागे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. तेच सेल पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकी ४ व्होल्टच्या थोडं वर जातात, म्हणून कुणी त्याच बॅटरीवर '२० व्होल्ट मॅक्स' लिहितं, कुणी '२१ व्होल्ट'. तिन्ही एकच. आता त्या ८८ वाल्या मशीनचा चार्जर उलटा करून त्याचं आउटपुट वाचा. २१ व्होल्ट लिहिलेलं दिसलं, तर आत ५ सेलचीच माळ आहे. स्टिकरवरचा ८८ हा नुसता आकडा.

व्होल्टपेक्षा कामाचा आकडा म्हणजे वॉट-तास. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १८ व्होल्ट, २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॉट-तास. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९०. जाड सागात सॉ एक किलोवॉट ओढत असेल, तर ९० वॉट-तासांत सलग पाच मिनिटांच्या आसपास कापणी झाली. कमी वाटते? एका फळीचा आडवा काप काही सेकंदांचा असतो, त्यामुळे पाच मिनिटांत बरंच काम उरकतं. पण लांब उभे काप घ्यायला लागलात की बॅटरी भराभर उतरते. म्हणून कमीत कमी दोन बॅटऱ्या ठेवा.

मोठ्या बॅटरीचा आणखी एक फायदा आहे. ५ अँपिअर-तासाच्या नेहमीच्या बॅटरीत ५-५ सेलच्या दोन माळा शेजारी-शेजारी असतात, २ अँपिअर-तासवालीत एकच. एका बैलावर ओझं टाकणं आणि बैलजोडीवर टाकणं, यात जो फरक तोच इथे. जोडी असली की जोर लागतानाही व्होल्टेज कमी पडतं, ब्लेडची गती टिकते. ५ अँपिअर-तास लिहिलेली बॅटरी हातात घेतल्यावर २ वालीइतकीच हलकी लागली, तर शंका घ्या.

ब्रशलेस मोटर परवडत असेल तर तीच घ्या. तिच्यात झिजणारे कार्बन ब्रश नसतात, उष्णता कमी होते आणि तेवढ्याच बॅटरीत जास्त काम होतं. बऱ्याच कंपन्या मशीन बॅटरीशिवायही विकतात. जाहिरातीतली स्वस्त किंमत अनेकदा तीच असते, म्हणून बॅटरी आणि चार्जर धरून बेरीज करा. घरी आधीपासून ज्या कंपनीची बॅटरीवाली ड्रिल आहे, तिचीच त्याच बॅटरीवर चालणारी सॉ मिळाली तर हजारो रुपये वाचतात. आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारून ठेवा. सिरोंच्याहून नागपूर गाठायचं म्हणजे दिवस जातो.

आपलं ऊन, आपली बॅटरी

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बॅटरीसोबतच्या माहितीपुस्तकात मात्र चार्जिंगसाठी सहसा ४० अंशांपर्यंतचीच मर्यादा दिलेली असते. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी दोन वाजता बॅटरी चार्जिंगला लावली आणि चार्जर लाल दिवा लुकलुकवत बसला, तर तो बिघडलेला नसतो. बॅटरी गरम आहे, थांबा, असं तो सांगत असतो.

उपाय साधे आहेत. पहाटे किंवा रात्री चार्ज करा. जोरात वापरलेली बॅटरी लगेच चार्जरवर चढवू नका, अर्धा तास सावलीत निवू द्या. गाडीच्या डिक्कीत किंवा उन्हातल्या जीपमध्ये बॅटरी ठेवू नका. फुगलेली, पडून फुटलेली बॅटरी घरात ठेवून 'अजून चालते' म्हणत वापरू नका, तिला आग लागू शकते.

गार्ड नाही तर मशीन नाही

आता मुद्द्याचं. आपल्याकडे बरेच जण लाकूड कापायला चार इंची मार्बल कटर वापरतात. फरशीसाठी बनलेली ती मशीन मिनिटाला १२ हजारांवर फेरे घेते आणि तिचं ब्लेड खालून उघडं असतं. काही जण तर ग्राइंडरलाच दाते असलेलं लाकडाचं ब्लेड लावतात. ग्राइंडर हातातून सुटला की त्याला अडवणारं काही नसतं. कामावरच्या चार जुन्या वाढईकाकांचे हात नीट बघा. एखाद्याचं बोट अर्धं असेल. बहुतेकदा कारण हेच असतं.

खऱ्या सर्क्युलर सॉला खालच्या बाजूला स्प्रिंगचा गार्ड असतो. फळीत शिरताना तो मागे सरकतो, काप संपला की आपोआप ब्लेड झाकतो. तिचे फेरे मिनिटाला ५ हजारांच्या घरात असतात. चांगल्या मशीनला इलेक्ट्रिक ब्रेक असतो, बटण सोडलं की ब्लेड दोन-तीन सेकंदांत थांबतं. दुकानात बॅटरी काढून गार्ड बोटाने मागे ओढून सोडा. खट्कन बंद झाला पाहिजे. अडकत, रेंगाळत येत असेल तर ती मशीन परत ठेवा. आणि गार्डमध्ये पाचर घालून तो उघडा ठेवायची युक्ती कुणी शिकवली, तर ती शिकू नका.

दुसरा धोका म्हणजे मशीनची उलटी उडी. पुढच्या बाजूचे दाते खालून वर कापत येतात, मागचे वरून खाली जातात. काप मागून मिटला आणि ब्लेड चिमटीत सापडलं, की मागचे दाते लाकडावर चढतात आणि मशीन उसळून तुमच्याकडे येते. फळीची दोन्ही टोकं दोन घोड्यांवर ठेवून मधोमध कापलं की हेच होतं, कारण मधला भाग खाली झुकतो आणि काप मिटतो. म्हणून फळीचा मोठा भाग पक्का टेकलेला हवा आणि कापून पडणारा तुकडा मोकळा. पावसाळ्यात ओलं किंवा ताण धरलेलं लाकूड कापताना आपोआप मिटतं, अशा वेळी मागे कापात पातळ पाचर सरकवत जा. ब्लेडच्या सरळ रेषेत उभे राहू नका, थोडं बाजूला राहा. मशीन अडकली तर ओढाताण नको. बटण सोडा, ब्लेड थांबू द्या, मग काढा.

ब्लेड बदलताना, खोली लावताना, अडकलेला तुकडा काढताना पहिलं काम एकच, बॅटरी बाहेर. वायरवाल्या मशीनचा प्लग काढला की डोळ्यांना दिसतं. बॅटरीवाली कायम जिवंत असते, हे विसरायला होतं. गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, सैल बाह्या वर करा. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क लावा. लाकडाच्या धुळीची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत केली आहे. सागाची धूळ कातडीला खाज आणते, ते तर आपल्याला अनुभवाने माहीत आहेच.

सरळ काप, साफ काप

काप चांगला यायला पन्नास युक्त्या लागत नाहीत. ब्लेडची खोली फळीच्या जाडीपेक्षा फक्त ५-६ मिमी जास्त ठेवा. सॉचे दाते खालून वर येतात म्हणून चिरफळ्या वरच्या बाजूला उडतात, तेव्हा फळीची चांगली बाजू खाली ठेवा. डोळ्यांच्या अंदाजाने सरळ रेघ कापायची हौस नको. ब्लेडपासून तळपट्टीच्या कडेपर्यंतचं अंतर एकदा मोजून मशीनवरच लिहून ठेवा, तेवढ्या अंतरावर प्लायची सरळ पट्टी शिकंज्याने आवळा आणि मशीन तिला टेकवून चालवा. नवीन मशीनची तळपट्टी ब्लेडशी काटकोनात आहे का, ते आधी गुण्या लावून बघा. आकड्यावर विसंबू नका.

ब्लेड कार्बाइडच्या टोकांचं, म्हणजे टीसीटी घ्या. सागात मुळातच सिलिका असते, म्हणजे वाळूतलाच पदार्थ. ती धार लवकर खाते. उभ्या कापाला २४ दाते, आडव्या कापाला ४०, प्लाय-लॅमिनेटला ४० किंवा ६०. जितके दाते कमी तितका काप जलद आणि खरबरीत. ऐन किंवा बिजासारखं जड लाकूड असेल तर मशीनला ढकलू नका, तिला तिच्या चालीने जाऊ द्या. आवाज खाली गेला, धूर आला, कापाची कड काळी पडली की ओळखा, धार गेली आहे. बोथट ब्लेड बॅटरी खातं आणि उलटी उडीही मारायला लावतं. नवीन ब्लेड घेताना मधलं भोक आणि त्यावर लिहिलेले जास्तीत जास्त फेरे तुमच्या मशीनशी जुळवून घ्या.

लाकूड कुठलं?

आता ती गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या सुताराला कुणी सांगणार नाही, पण आपल्याला माहीत असलीच पाहिजे. आपण सागाच्या मुलखात राहतो. आलापल्लीच्या सागाचं नाव सगळीकडे आहे. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं ते बल्लारपूरहूनच. अशा मुलखात "रात्री दोन फळ्या आणून देतो, स्वस्तात" म्हणणारा माणूस भेटतोच.

भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम ५२ ऐका. वनगुन्ह्यातलं लाकूड सापडलं, तर लाकडासोबत त्या गुन्ह्यात वापरलेली हत्यारं आणि गाड्याही जप्त करता येतात. म्हणजे चोरीच्या लाकडाच्या कामात सापडलात, तर हप्ते फेडत असलेली सॉ, बॅटऱ्या आणि मोटारसायकल, तिन्ही जायची वेळ येते. वर केस. फळ्या कुणाच्याही असोत, त्या क्षणी मशीन तुमच्या हातात असते.

त्यामुळे कामाला हात लावण्याआधी विचारा, "काका, लाकडाची पावती आहे ना?" यात लाजण्यासारखं काही नाही. डेपोच्या लिलावातलं किंवा परवानाधारक आरा मशीनवरचं लाकूड असेल तर बिल असतं, वाहतूक परवाना असतो, ओंडक्यावर हातोड्याची निशाणी असते. बिलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आपल्या बांधावरचा साग आपलाच, हे खरं. पण तो तोडायलाही परवानगी लागते. त्यासाठी महाराष्ट्रात १९६४ चा कायदा आहे.

उद्या छोटं दुकान टाकायचं मनात असेल तर आणखी एक गोष्ट. लाकडावर आधारित उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २०१७ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. बँड सॉ किंवा ३० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या ब्लेडची सर्क्युलर सॉ नसेल आणि लाकूड कायदेशीर मार्गाने आलेलं, आधीच चिरलेलं असेल, तर परवान्यातून सूट देण्याची तरतूद त्यात आहे. तुमची १६५ मिमीची सॉ त्या मर्यादेच्या बरीच आत आहे. ओंडके आणून चिरायला लागलात की मात्र तुम्ही आरा मशीनवाले झालात. पाटी रंगवण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन राज्याचे नियम विचारून घ्या.

कागदाचा कंटाळा येतो, मान्य. पण धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा आठवा. त्या गावाने आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात घेतलं. गाव लढलं ते त्या पावतीपुस्तकासाठीच. पावती हातात असली की आपला माल उजळ माथ्याने बाजारात नेता येतो, भाव मागता येतो. तुमच्या दिवाणाचंही तसंच आहे.

पैसे आणि शिक्षण

वयाची १८ वर्षं पूर्ण असतील आणि सुतारकाम हा तुमचा धंदा असेल, तर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना बघा. तिच्यातल्या १८ व्यवसायांत सुतार आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज, असं तिचं स्वरूप आहे. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो आणि नोंदणी सीएससी केंद्रावर होते. बांबूकडे ओढा असेल तर चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र चंद्रपूरपासून जवळच आहे.

पण पहिला आठवडा कुठल्याही योजनेची वाट बघू नका. नवी सॉ आणली की एखाद्या जाणत्या वाढईकाकांकडे जा. त्यांच्याकडे कदाचित अजून रंधा, पटाशी आणि हातकरवतच असेल. लाकडाची रेष कुठे वळते, गाठ कुठे फसवते, हे त्यांना हात फिरवून कळतं. तुमची मशीन त्यांना दाखवा, त्यांच्याकडून लाकूड शिका. टाकाऊ फळीवर शंभर काप घ्या. मग ताईच्या दिवाणाला हात लावा.

आणि लग्नाच्या दिवशी कुणी विचारलं, "दिवाण कोणी बनवला?" तर काकांकडे बोट दाखवा. दाखवायला दहाही बोटं शाबूत असली पाहिजेत, एवढं मात्र बघा.